बाकी एक पैसा

गेल्या मे महिन्यात शाळेतल्या आमच्या दोन्ही तुकड्यांनी एकत्र भेटायचं ठरवलं आणि एका संध्याकाळी व्हॉट्सॲपवर यादी आली. नाव, सध्याचं गाव, फोन नंबर. त्र्याऐंशी मुलं-मुली आणि शेवटच्या पानावर शिक्षक. मी सगळ्यात आधी शेवटचं पानच उघडलं, कारण मला आमच्या गणिताच्या बाई हव्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्या शाळेचं गाव सोडून गेल्या, कुठे गेल्या ते कोणालाच धड माहीत नव्हतं. यादीत बाईंचं नाव होतं. गावाचा रकाना रिकामा होता. फोनच्या रकान्यात २१४७ एवढं दिसलं आणि मी तिथेच थांबले. वरच्या सरांपुढे २१४७४८३६४७ होतं. त्यांच्या वरच्या बाईंपुढेही २१४७४८३६४७. मागची पानं चाळली तर रांगच्या रांग तीच: डोंबिवलीतली मैत्रीण, नाशिकचा डॉक्टर, दुबईत असलेला बाकावरचा शेजारी, सगळ्यांचा नंबर एकच. मी फोन उपडा ठेवला आणि कणीक मळायला घेतली, पण मळता मळता ते दहा आकडे डोक्यात फिरत राहिले.

जिने यादी केली तिने एकेकाला शोधून, विचारून ती माहिती गोळा केली होती, तिचा यात काही दोष नव्हता. संगणकात ज्या खणात आकडे गेले तो खण लहान निघाला. अशा खणाला बत्तीस घरं असतात. एक घर अधिक-उणे चिन्हाकडे जातं, उरतात एकतीस. त्या एकतीसही घरांत एक एक भरला की जी संख्या होते ती २१४७४८३६४७. त्याहून मोठं काही त्या खणात मावत नाही. आपले मोबाइल नंबर बहुतेक नऊने, आठने, सातने सुरू होतात. सरळ संख्या म्हणून वाचले तर सातशे, आठशे, नऊशे कोटींच्या घरातले. असा नंबर आत ढकलला की कित्येक यंत्रणा स्वतःकडची सर्वांत मोठी संख्या तिथे ठेवून मोकळ्या होतात. पंचवीस वर्षं बँकेत काढल्यामुळे अशा याद्या मी पूर्वीही पाहिल्या होत्या. कारण कळत होतं, तरी मन तिथून हलत नव्हतं. ही संख्या माझ्या ओळखीची होती, आणि ओळख खणांमुळे झालेली नव्हती.

ती मूळ संख्या आहे.

ओळख करून दिली होती बाईंनीच. आठवीत घातांक सुरू झाले त्या दिवशी फळ्याकडे न वळता त्यांनी विचारलं, ‘एका महिन्याच्या कामाचा पगार दोन तऱ्हांनी मिळतोय. रोख एक लाख रुपये घ्या, नाहीतर पहिल्या दिवशी एक पैसा, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी चार, असं रोज दुप्पट घ्या. काय घ्याल?’ एक लाख म्हणणारे हात जास्त होते, माझाही त्यांत होता. मग बाई एकेक दिवस मांडत गेल्या. पंधराव्या दिवशी हातात १६३ रुपये ८४ पैसे आले आणि लाखवाल्यांना धीर आला. विसाव्या दिवसानंतर वर्ग हळूहळू गप्प होत गेला. खडू झिजून नखाएवढा झाला. एकतिसाव्या दिवशी सगळी बेरीज करून बाईंनी लिहिलं: २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे. त्याच्या खाली नुसते पैसे: २१४७४८३६४७. आणि म्हणाल्या, ‘महिना कुठला, ते कोणीच कसं विचारलं नाही?’

पुढचा तास त्यांनी महिन्यावर घालवला आणि तो मला आजही दिसतो. तीस दिवसांचा महिना धरला तर कमाई १०७३७४१८२३ पैसे. ती तीन भावंडांत सारखी वाटता येते. सात असली तरी, नऊ, अकरा, एकतीस असली तरी, कोणाला कमी नाही की कोणाला जास्त नाही. लीप वर्षातला फेब्रुवारी असेल तर २३३ वाटेकरी लागतील, पण वाटणी होते. एकतीस दिवसांच्या महिन्याची कमाई म्हणजे तीस दिवसांची दुप्पट आणि वर एक पैसा. तेवढ्या एका पैशाने सगळं बिघडतं. तीन भावंडं असोत, सात असोत, अकरा असोत, एक पैसा उरतो. पाच असली तर दोन पैसे उरतात. दोन हजार माणसं आणा, चाळीस हजार आणा, सारखे वाटे पडतच नाहीत. आम्हा सगळ्यांच्या घरी तेव्हा जमिनीच्या, भांड्यांच्या, आजीच्या पाटल्यांच्या वाटण्या झालेल्या किंवा होऊ घातलेल्या होत्या. वाटे होतच नाहीत अशी रक्कम असू शकते हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. भीती होती की आनंद, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि अजूनही येत नाही.

बाई कोकणातल्या, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. सुट्टीवरून येताना स्टाफरूमसाठी सुपाऱ्या आणायच्या, आणि त्यांनी तपासलेल्या वह्यांना पुढे आठवडाभर ओल्या सुपारीसारखा तुरट वास येत राहायचा. सहावीत त्यांनी इरॅटोस्थेनिसची, म्हणजे मूळ संख्या निवडून काढायची, चाळणी फळ्यावर केलीच नाही, आम्हालाच तीत घातलं. वर्गात अठ्ठावन्न जणी होतो. आपापला हजेरी क्रमांक लक्षात ठेवून सगळ्यांनी उभं राहायचं. एक नंबरच्या मुलीला त्यांनी टेबलापाशी बोलावलं, ‘तू मूळ नाहीस, संयुक्तही नाहीस, तू माझ्याजवळ थांब.’ मग दोन नंबरने हाक द्यायची आणि तिच्या पाढ्यातल्या मुलींनी खाली बसायचं. मग तीनची हाक, पाचची, सातची. बाकांचा खडखड आवाज होत होता आणि उभ्या डोक्यांचं रान विरळ होत होतं. माझा नंबर ५१. मी उभीच. हाका संपल्यावर बाईंनी मोजलं. सोळा जणी उरायला हव्या होत्या, आम्ही सतरा होतो. माझ्याकडे पाहून त्या हळूच म्हणाल्या, ‘सतरा त्रिक?’ एक्कावन्न. तीनची हाक मला लागलीच नव्हती, कारण तो नंबर तिच्या पाढ्यातला वाटतच नाही. त्याचा चेहरा मूळ संख्येसारखा आहे.

मोठ्या मूळ संख्यांची सगळी अडचण या चेहऱ्यातच आहे. अठ्ठावन्न मुलींची चाळणी एका तासात होते. २१४७४८३६४७ ची करायची तर तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ४६३४० पर्यंत जाणारी प्रत्येक मूळ संख्या घेऊन भागून बघायला हवं, आणि अशा संख्या पावणेपाच हजारांच्या वर आहेत. १६४४ साली पॅरिसमधल्या मारँ मर्सेन या धर्मगुरूने २ चा घात वजा एक या साच्यातल्या मूळ संख्यांची यादी दिली, तीत ३१ वा घात होता. पण त्याच यादीत ६७ वा आणि २५७ वाही होता आणि ते दोन्ही पुढे खोटे ठरले. म्हणजे यादीत नाव होतं, एवढंच. खात्री सव्वाशे वर्षांनी आली, सेंट पीटर्सबर्गहून.

गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर तेव्हा तिथे पासष्टीला आलेला होता. एक डोळा तरुणपणीच गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू झाला, १७७१ साली शस्त्रक्रिया झाली, थोडे दिवस दिसलं आणि मग तेही जवळजवळ संपलं. त्याच वर्षी शहरात लागलेल्या आगीत त्याचं घर जळालं, त्याला उचलून बाहेर काढावं लागलं. अशा वर्षानंतर, १७७२ मध्ये, गणितज्ञांच्या बर्नुली घराण्यातल्या एकाला लिहिलेल्या पत्रात त्याने कळवलं की २ चा ३१ वा घात वजा एक ही मूळ संख्या आहे. त्याआधीची या साच्यातली सर्वांत मोठी सिद्ध झालेली संख्या ५२४२८७ होती, बोलोन्याच्या कातालदी या गणितज्ञाने १५८८ साली दाखवलेली. सहा आकडे ते दहा आकडे, एवढ्या प्रवासाला १८४ वर्षं लागली.

त्याने ते कसं केलं, हे मी बीएस्सीला असताना वाचलं आणि मला आमचा वर्गच आठवला. सगळ्यांना हाक द्यायची गरज नाही, असं ऑयलरच्या ध्यानात आलं. या संख्येला एखादी मूळ संख्या भागत असेल, तर त्या भागणाऱ्या संख्येला ६२ ने भागल्यावर बाकी एकच उरायला हवी. शिवाय ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ हवी. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागून १ किंवा ६३ उरणाऱ्या संख्याच तेवढ्या संशयित राहतात. खुद्द १ आणि ६३ सोडल्या तर ४६३४० पर्यंत अशा फक्त ३७२ आहेत, आणि त्यांतल्याही कित्येक संयुक्त म्हणून गळतात. जे काम हजारोंनी होतं ते काही शेकड्यांवर आलं. ही युक्ती डोळ्यांनी दिसणारी नाही, तिला फळा लागत नाही, ती अंधारात बसूनही सुचू शकते. पण उरलेले भागाकार कोणीतरी बसून करायलाच हवे होते. ऑयलर सांगत असे आणि मुलगा किंवा मदतनीस लिहून घेत. त्या खोलीचा विचार करताना मला नेहमी आवाज ऐकू येतो: एक म्हातारा माणूस भाजक सांगतोय, दुसरा बाकी वाचून दाखवतोय, आणि शून्य येत नाहीये.

यादी आली त्या रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर मी जुनी वही काढली आणि त्या संशयितांना हाक द्यायला बसले. पहिली २४९, ती तीनच्या पाढ्यातली. मग ३११, ती मूळ. भागाकार केला: ६९०५०९२, बाकी ३५. त्यानंतरच्या सात संख्या एकामागून एक संयुक्त निघाल्या आणि गाठ पडली थेट १३०३ शी. बाकी २२६. मग १४८९. बाकी १९९. घरात पंख्याचा आणि फ्रिजचा आवाज. उत्तर २५० वर्षांपूर्वी लागलेलं आहे, कोणतीच बाकी शून्य येणार नाही हे मला पक्कं माहीत होतं, तरी प्रत्येक भागाकाराच्या शेवटच्या वजाबाकीपाशी हात किंचित थांबत होता. तिसऱ्यानंतर मी वही मिटली. पावणेदोन वाजले होते.

या संख्येचे शेजारी मला फार आवडतात. तिच्याहून एकने मोठी २१४७४८३६४८, तिच्या घरात दोनशिवाय कोणी नाही: एकतीस वेळा दोन. एकने लहान २१४७४८३६४६, तिच्या घरात मात्र गर्दी: २, तीन दोन वेळा, ७, ११, ३१, १५१, ३३१. या दोघींच्या मध्ये ही एकटी. पण एकटी म्हणून निरुपयोगी नाही. सातचा पाचवा घात १६८०७. एकपासून निघा, १६८०७ ने गुणा, या संख्येने भागून फक्त बाकी ठेवा, पुन्हा गुणा, पुन्हा बाकी ठेवा. बाक्या अशा वेड्यावाकड्या उड्या मारतात की पुढची कुठे पडेल याचा नुसतं बघून अंदाज येत नाही. आणि तरी एकही संख्या दोनदा येत नाही, एकही सुटत नाही. खालच्या सगळ्या, दोनशे चौदा कोटींहून जास्त, एकेकदा हजेरी लावतात आणि मगच एक पुन्हा येतो. संगणकांनी कित्येक वर्षं यदृच्छ, म्हणजे रँडम, संख्या काढण्यासाठी हाच रस्ता वापरला.

१८११ साली पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने या संख्येपासून तयार होणाऱ्या परिपूर्ण संख्येबद्दल लिहिलं होतं की याहून मोठी कोणी कधी शोधेल असं वाटत नाही, कारण अशा संख्यांचं कुतूहल वाटतं, उपयोग काही नाही. ती परिपूर्ण संख्या २३०५८४३००८१३९९५२१२८. हिचे स्वतःहून लहान सगळे विभाजक मिळवले की पुन्हा हीच येते. बार्लोचा अंदाज चुकला. १८७६ मध्ये ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १२७ व्या घातापर्यंत मजल मारली. ऑक्टोबर २०२४ मध्ये २ चा १३६२७९८४१ वा घात वजा एक ही मूळ संख्या जाहीर झाली, तिला ४१०२४३२० आकडे आहेत. मला तिचा अभिमान वाटतो, पण माया वाटत नाही. ती कोणी वाचू शकत नाही. २१४७४८३६४७ मी एका श्वासात म्हणू शकते: दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. माणसाच्या छातीत मावणारी मोठी संख्या आहे ती.

आणि म्हणूनच यादीने मला लागलं होतं. एका आंधळ्या माणसाने जिची एवढी निगुतीने पारख केली, जिचे वाटे कोणालाच करता येत नाहीत, ती त्र्याऐंशी जणांत नुसती वाटून टाकलेली दिसत होती. पुन्हा असंही वाटायचं की हे वाईट का मानावं? एकतीस घरं भरली की तीच उभी राहते, तिचा तिथे हक्कच आहे. १९ जानेवारी २०३८ च्या मंगळवारी सकाळी, आपल्या घड्याळात ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद होतील तेव्हा, १९७० च्या सुरुवातीपासून सेकंद मोजत आलेल्या जुन्या यंत्रांचा आकडाही इथेच येऊन पोचेल. ती दुरुस्त व्हायला हवीत, होतीलही. तरी त्या एका सेकंदापुरतं मला जागेवर असायचं आहे. तेव्हा निवृत्त झालेली असेन, सकाळचा चहा झालेला असेल.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बाबा राहायला आले. ते टेलिफोन खात्यातले, ट्रंक बुकिंगच्या काळापासूनचे. एसटीडी कोड त्यांना अजून पाठ आहेत, गावाचं नाव निघालं की आधी कोड म्हणतात. माझ्या वर्गातल्या कोणाकोणाचे वडील त्यांच्या माहितीचे, म्हणून त्यांना यादी छापून दिली. भिंग घेऊन ते खिडकीपाशी बसले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘एकवीस सत्तेचाळीस म्हणजे श्रीवर्धन. एवढी सगळी माणसं श्रीवर्धनला राहायला गेली?’ मी खणांची गोष्ट सांगितली. त्यांनी नीट ऐकली, मान हलवली आणि पुन्हा भिंगाखाली एकेक नंबर वाचायला लागले, अगदी ओठ हलवून. दोन पुण्याचे सापडले, वीसने सुरू होणारे. ते त्या खणात मावले होते, मुंबईचे बावीसवाले मावले नव्हते. मी त्यांना सांगणार होते की बाबा, राहू दे, सगळे तेच आहेत. तेवढ्यात त्यांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

‘मग तुझ्या बाईंचा वेगळा कसा?’

मी वाकून पाहिलं. २१४७, आणि पुढे २. पुढचे आकडे इथे लिहीत नाही, पण ते चार-आठ-तीन-सहा-चार-सात नव्हते. बाईंनी दिलेला घरचा नंबर, कोडसकट दहा आकडी, त्या भिंतीच्या थोडा अलीकडे होता, दोन-अडीच लाखांनी. तेवढ्या जागेत तो जसाच्या तसा मावला होता. पाच आठवडे तो माझ्या फोनमध्ये होता. पहिले चार आकडे ओळखीचे निघाले आणि मी पुढचे वाचलेच नाहीत, आणि मग त्याच संख्येसाठी रात्री जागून भागाकार करत बसले. बाबा काही बोलले नाहीत. मी विचारलं, तुमच्या कसं लक्षात आलं? म्हणाले, ‘नंबर ओळखीचा वाटला तरी पूर्ण वाचायचा, असं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एका आकड्याने माणूस दुसऱ्या गावी जातो.’

फोन बराच वेळ वाजला. श्रीवर्धनची लँडलाइन, पावसाळ्याचे दिवस, उचलला जाईल अशी आशा सोडली आणि तेवढ्यात खरखरीतून ‘हॅलो’ आलं. आवाज बारीक झाला होता, पण शेवटच्या अक्षरावरचा जोर तोच. मी नाव सांगितलं, माहेरचं. शाळा सांगितली, वर्ष सांगितलं. ‘असशील गं,’ म्हणाल्या, ‘खूप मुली झाल्या.’ मागे पागोळ्यांचा आवाज येत होता. मला काय सांगावं कळेना. म्हटलं, ‘बाई, मी एक्कावन्न नंबर. चाळणी केली होती तेव्हा उभी राहिलेली.’

पलीकडे जरा वेळ नुसता पाऊस ऐकू आला.

‘अगं,’ बाई म्हणाल्या, ‘एक्कावन्न दर वर्षी उभीच राहायची.’